कोपऱ्यातलं लांब बटण

माझ्या धाकट्या भावाला एकच काम दोनदा करायचा लहानपणापासून तिटकारा. शाळेत शिक्षा म्हणून एखादं वाक्य पुन्हा पुन्हा लिहायला सांगितलं, तर हा तीन पेनं रबरबँडनं एकत्र बांधायचा, एका फटक्यात तीन ओळी काढायचा आणि वर बाईंनाच दाखवायला जायचा. बाई मारायच्या, आई मारायची आणि मी समजूत काढायची. आमच्या घरातली कामाची वाटणी ही अशी होती.

पुढे त्याला मीच आमच्या शीतगृहात चिकटवलं. मी तिथे फाटकाजवळच्या ऑफिसात बसते, आवक-जावक बघते. आमच्याकडे सफरचंदं ठेवतात, तीही महिनोनमहिने. नुसत्या थंडीनं ती इतकी टिकत नाहीत. बंद खोल्यांमधल्या हवेतला ऑक्सिजन काढून नायट्रोजन सोडावा लागतो, मग फळाचं पिकणं जवळजवळ थांबतं. या नायट्रोजनला वास नाही, रंग नाही. तो विषारीही नाही. आपण रोज छातीत भरून घेतो त्यातला बराचसा तोच असतो. फक्त तोच उरला तर माणूस दोन-चार श्वासांत खाली बसतो, आणि बसण्याआधी त्याला काहीही कळत नाही. नोकरीला लागताना हे सगळ्यांना सांगतात. सगळे गंभीर चेहरे करून माना डोलावतात आणि चहा प्यायला जातात.

खोल्यांच्या बाहेर एक लांब बोळ आहे. बोळाच्या मध्यावर भिंतीला ऑक्सिजनचा मीटर आहे. हवा चांगली असली की त्यावर वीस पॉइंट नऊ दिसतं. कमी झालं की भोंगा वाजायला हवा, पण तो भोंगा दुरुस्तीला गेला होता आणि आज येतो, उद्या येतो असं चाललं होतं. तोपर्यंत साहेबांचा हुकूम असा, की बोळाच्या टोकाशी केबिनमध्ये जो बसेल त्यानं दर तासाला मीटर आणि त्याच्या शेजारचा पाइपांच्या दाबाचा काटा बघायचा आणि कॉम्प्युटरवर नोंद करायची. दिवसपाळीला तिथे माझा भाऊ बसायचा.

आता गंमत बघा. केबिनमधला कॉम्प्युटर इतका जुना, की त्याचं घड्याळ रोज सकाळी चालू केल्यावर मागच्या जन्मातली तारीख दाखवायचं. मोबाइल फाटकावर जमा करावे लागायचे. आणि भिंतीवरचं एकुलतं एक घड्याळ होतं बोळात, बरोबर मीटरच्या डोक्यावर. ते कुणी डोकं लढवून तिथे लावलं असेल असं मुळीच नाही. खिळा तिथे होता म्हणून घड्याळ तिथे. नोंदीत वेळ लिहायची तर उठा, बोळात जा, घड्याळ बघा. घड्याळ बघितलं की खालचा आकडा दिसायचाच.

"काय ही पायपीट ताई," तो डबा खाताना कुरकुरायचा. "वेळ बघायला तिथवर जायचं, आणि परत येऊन लिहीपर्यंत ती विसरायची."

"तुला पगार त्या पायपिटीचाच देतात," मी म्हणायची. "बसून खायचं असेल तर साहेब हो."

तो ऐकून घेणाऱ्यातला नव्हता. एक दिवस त्यानं कॉम्प्युटर उघडला, आतला बटणासारखा सेल बदलला आणि त्याचं घड्याळ ताळ्यावर आणलं. मग नोंदी लिहायला कुठलासा नवा एडिटर टाकला. मला इंटरकॉमवर बोलावून घेतलं, जसं काही पोरगं पहिलं पाऊल टाकतंय.

"हे बघ," म्हणाला आणि वरच्या रांगेतलं एक बटण दाबलं. पडद्यावर तारीख, तास, मिनिट, सेकंद, सगळं एका सरळ ओळीत उमटलं. हात की-बोर्डवरून उचललाही नव्हता. मी कौतुकानं पाहिलं, खोटं कशाला बोलू? माझ्या आवक-जावकीच्या फाइलमध्येही त्यानं तसंच करून दिलं, आणि रोजची माझी बोटं झिजायची थांबली. मी सगळ्यांना सांगत सुटले, माझा भाऊ, माझा भाऊ.

पण एका बटणावर थांबेल तर तो कसला! आठवड्याभरात त्यानं पुढची पायरी गाठली. की-बोर्डच्या उजव्या कोपऱ्यात एक उभं, लांब बटण असतं, ज्याला सहसा कुणी हात लावत नाही. ते त्यानं कामाला जुंपलं. ते दाबलं की वेळ उमटायची, आणि वेळेपुढे अख्खं वाक्य: "ऑक्सिजन वीस पॉइंट नऊ, दाब बरोबर, सगळं ठीक." आणि फाइल आपोआप सेव्ह व्हायची. तीच फाइल माझ्या टेबलावरही उघडी असायची. त्यानं केबिनमध्ये बटण दाबलं की इकडे माझ्या पडद्यावर ओळ यायची.

"आणि आकडा वेगळा असला तर?" मी विचारलं.

"तर बदलायचा. पण असतो का कधी? तूच सांग."

खरंच, कधी नसायचा. त्याला चेव आला. त्यानं ते लांब बटण दाबूनच धरलं आणि सगळं ठीक, सगळं ठीक करत पडदा भरून वाहू लागला. "अरे बंद कर, वेड्या!" मी ओरडले. तो पोट धरून हसत होता. मग त्यानं सगळ्या ओळी पुसून टाकल्या. पुढचे कित्येक दिवस मी त्याच्यावर रागावले की तो केबिनमधून दहा-बारा ओळी सोडायचा. सगळं ठीक, सगळं ठीक. माझा राग जायचा आणि मग तो त्या पुसायचा.

साहेब खूश. कागदावर इतक्या वेळेवर नोंदी त्यांनी जन्मात पाहिल्या नव्हत्या. रात्रपाळीवाल्यांना त्यांनी सुनावलं, "याच्याकडून शिका," आणि तेही तेच बटण दाबायला शिकले. सगळे त्याला 'शॉर्टकट' म्हणायला लागले. "शॉर्टकट, चहा?" "शॉर्टकट, लग्नही एका बटणात उरकणार का?" तोही ऐटीत मिरवायचा.

मग थंडी पडली. बोळातला गारवा केबिनच्या दाराखालून आत यायचा. पूर्वी दर तासाला बाहेर जावंच लागायचं, त्यामुळे दार उघडं-बंद होत राहायचं. आता बाहेर जायचं कारण काय होतं? त्यानं दार लावून घेतलं, खालच्या फटीत गोणपाट कोंबलं, खिडकीच्या कडांना चिकटपट्टी मारली. मला म्हणाला, "आता कशी ऊब राहते बघ." केबिनच्या छतावरून नायट्रोजनचा पाइप जातो. त्याचा एक जोड बरोबर तिथे आहे. हे आम्हां सगळ्यांना माहीत होतं, म्हणजे डोळ्यांसमोर होतं.

त्याचं डोकं दुखायला लागलं. संध्याकाळी घरी आला की आडवा व्हायचा. आई म्हणाली, दिवसभर त्या पडद्यात डोळे घालून बसतोस, दुसरं काय होणार. मी त्याला चष्मेवाल्याकडे नेलं. बारीकसा नंबर निघाला, काळ्या काड्यांचा चष्मा आला, त्यात तो मास्तर दिसायला लागला. डोकं दुखायचं ते दुखतच राहिलं. सुट्टीच्या दिवशी मात्र स्वारी ठणठणीत. सकाळी उठून सायकल पुसायची, आईला चिडवायची, दोन माणसांचं जेवण एकटीनं हाणायची. मी म्हटलं, "तुझं डोकं कामाला बघून दुखतं. कामचुकार." तो हसला, मीही हसले. आई तेवढी हसली नाही. ती म्हणाली, "याचा रंग बघ गं जरा." मी बघितला. मला थंडीचा वाटला.

नोंदींमध्येही काहीतरी बदलत चाललं होतं. बटणाच्या ओळीखाली तो कधी कधी स्वतः काही लिहायचा, दोन नंबरच्या दाराचं रबर बदललं वगैरे. तिथे आता भलतंच यायला लागलं. "दोन नंबरमधली सफरचंदं झोपली आहेत, चप्पल काढून या." "साहेब आज उंच दिसले." एकदा नुसतंच "हा हा हा." मी हसत होते. मग वाक्यं अर्धवट सुटायला लागली. एक शब्द तीनदा यायचा, पुढचा यायचाच नाही. एका दुपारी त्यानं लिहिलं होतं, "ताईला सांगायचं आहे की", आणि पुढे काहीच नाही. मी इंटरकॉमवर विचारलं, काय सांगायचं आहे? तो म्हणाला, "कुणाला?"

पण त्या मोडक्या वाक्यांच्या वर आणि खाली बटणाच्या ओळी मात्र एकसारख्या असायच्या. तारीख बरोबर, सेकंद बरोबर, वीस पॉइंट नऊ, दाब बरोबर, सगळं ठीक. संध्याकाळी मी तो कागद छापून साहेबांपुढे ठेवायची. साहेब नजर फिरवून सही करायचे. त्यांना उभ्या रांगेतल्या वेळा दिसायच्या, आणि त्या इतक्या सुबक असायच्या की दुसरं काही वाचावंसं वाटू नये.

त्या दिवशी तो डबा घरी विसरला. मी माझ्याबरोबर आणला आणि जेवणाच्या सुट्टीत द्यायला गेले. दार ढकललं तर गोणपाटामुळे निघेना. खांदा लावून उघडलं. तो खुर्चीत मागे रेलून बसला होता. मला बघून हसला, आणि हसतच राहिला. हसण्यासारखं मी काही बोललेही नव्हते. ओठ निळसर दिसत होते.

"केवढं गारठलास रे," मी म्हटलं आणि माझी शाल काढून त्याच्या खांद्यांवर टाकली. "डबा घे. आणि आज लवकर निघ, आपण डॉक्टरकडे जाऊ."

"डॉक्टर कशाला? सगळं ठीक," तो म्हणाला. डब्याचं झाकण त्याला उघडता येईना. बोटं झाकणावरून घसरत होती आणि त्याला त्याचंही हसू येत होतं. मी झाकण उघडून दिलं. मला जरा गरगरल्यासारखं झालं, छाती भरून आल्यासारखी. सकाळपासून माझ्याही पोटात चहाशिवाय काही नव्हतं, तेच कारण मी धरलं. बाहेर आले. माझ्यामागे त्यानं दार लावून घेतलं, आणि पायानं गोणपाट परत फटीत सारल्याचा आवाज मी ऐकला.

बोळातून परत येताना पाहिलं, तर घड्याळाच्या खिळ्याला कुणीतरी आपला जाडजूड कोट अडकवला होता. कोटाखाली घड्याळ झाकलं गेलं होतं, आणि त्याच्या खालचा मीटरही. या लोकांना काही शिस्तच नाही, मी मनात म्हटलं. घर समजतात का? संध्याकाळी साहेबांच्या कानावर घालायचं ठरवलं. कोट काढून बघायचं माझ्या मनातही आलं नाही. वेळ काय झाली ते मला माझ्या टेबलावर कळणारच होतं.

जागेवर येऊन बसले. दोन घास खाल्ले. गाडीवाला पावती मागायला आला, त्याची पावती केली. आणि नोंदींच्या फाइलमध्ये एक ओळ आली. वीस पॉइंट नऊ, दाब बरोबर, सगळं ठीक. तासाची वेळ झाली नव्हती. लगेच दुसरी आली, मग तिसरी. मग ओळींची रांगच लागली.

मी चिडले. आत्ता जाऊन त्याला डबा दिला, शाल दिली, आणि याला खोड्या सुचताहेत. "बघतेस काय," मी स्वतःशीच म्हणाले, "दहा-बारा झाल्या की थांबेल." दहा-बारा झाल्या. पडदा भरला, वर सरकला, पुन्हा भरला. गाडीवाला म्हणाला, "बाई, तुमचं मशीन बिघडलं वाटतं." मी इंटरकॉम उचलला. पलीकडे घंटा वाजत राहिली. केबिनमध्ये इंटरकॉम त्याच्या कोपरापाशी असतो, हात लांब करायचीही गरज नाही. घंटा वाजत होती आणि ओळी येतच होत्या. एकाच सेकंदाच्या कितीतरी ओळी, एकीखाली एक, आणि प्रत्येकीत तेच. इतक्या भराभर कुणी बटण दाबत नसतं. बटण दाबलेलं राहिलं होतं.

माझ्या हातून इंटरकॉम पडला. मी ओरडत धावले. काय ओरडले ते आठवत नाही. गाडीवाला नंतर म्हणाला, तुम्ही "ठीक नाही, ठीक नाही" म्हणत होता.

माझं ओरडणं ऐकून पाइपांची दुरुस्ती करणारे फिटरकाका माझ्याआधीच बोळात पोचले होते; बोळाच्या तोंडाशी त्यांनी मला दंडाला धरून मागे खेचलं. त्यांनी भिंतीवरचा कोट ओढून फेकला होता. मीटरवरचा आकडा मी लांबूनही वाचला. तो वीसच्या आसपाससुद्धा नव्हता.

"सोडा मला!"

"पोरी, तू आत पाऊल टाकायचं नाहीस," ते म्हणाले. "एकाला काढायला गेलो आणि दोघांना काढावं लागलं, असं नको." ते हवेचं नळकांडं पाठीला बांधत होते. मुखवट्याचा पट्टा अडकत होता. तो अडकणारा पट्टा मी अजून विसरलेले नाही. बाकीच्यांनी बोळाचं मोठं दार सताड उघडलं आणि बाहेरचा वारा आत घुसला. मी त्या दारात उभी होते, मला दोघांनी धरलं होतं. तिथून केबिनची काच दिसत होती. आत माझी शाल दिसत होती. तो टेबलावर उजव्या कुशीला कलला होता, गाल की-बोर्डच्या कोपऱ्यावर, जसा लहानपणी अभ्यास करताना वहीवर झोपी जायचा. त्याच्या डोक्यामागे पडदा धावत होता.

काकांनी लाथ मारून दार उघडलं, गोणपाट बाजूला उडालं. त्यांनी त्याला बगलेत धरून उचललं. पडदा थांबला.

तो वाचला. लोक म्हणतात, नशीब मोठं म्हणून वाचला. मी हो म्हणते.

चौकशीला बाहेरून एक अधिकारी आले. पाइपचा तो जोड कित्येक दिवस झिरपत होता, असं त्यांनी काढलं. मीटरवर ते रोज दिसत असणार, असंही म्हणाले. मग त्यांनी नोंदींचे कागद मागितले. मी सगळे आणून दिले, शेवटच्या दिवसाचा गठ्ठासुद्धा. त्यांनी एकेक करून सगळी पानं उलटली. "इतक्या वेळेवर ठेवलेल्या नोंदी मी कुठेच पाहिल्या नाहीत," ते म्हणाले. साहेब खाली बघत होते. मला त्या माणसाच्या अंगावर धावून जावंसं वाटलं, पण तो बिचारा खरंच तेवढंच बोलत होता.

आता तो घरी असतो. चालतो, जेवतो, दिलेले कपडे घालतो. डॉक्टर म्हणाले, मेंदूला हवा मिळाली नाही तेव्हा जे गेलं ते गेलं, जे उरलं ते हळूहळू कामाला लागेल. काय उरलंय ते आम्ही रोज चाचपून बघतो. तो अजून चष्मा लावतो. आई सायकल पुसून त्याच्यासमोर ठेवते, तो सायकलीकडे बघतो आणि तिचं हँडल धरून उभा राहतो.

कालचीच गोष्ट. तो आतल्या खोलीत होता, मी स्वयंपाकघरात. काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मी हाक मारली, "काय रे, काय झालं?"

"सगळं ठीक," आतून आवाज आला. स्वच्छ, बरोबर, लगेच.

त्याला काहीही विचारलं तरी तो हेच म्हणतो. भूक लागली का? सगळं ठीक. दुखतंय का? सगळं ठीक. परवा त्याच्या हातावर चहा सांडला, कातडी लाल झाली, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि आवाज तोच होता. सगळं ठीक.

मी गॅस बंद केला, हात पदराला पुसले आणि आत बघायला गेले.